जुनें यंत्र आणि नवा कळफलक

दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट निघाली कीं एकत्र कुटुंबांत एक वाद ठरलेला असतो. कोणती वस्तु ठेवावयाची आणि कोणती भंगारवाल्याच्या गाडीवर घालावयाची, हा तो वाद. आमच्या गंगाखेडच्या वाड्यांत गेलीं कित्येक वर्षें तो एकाच वस्तूवरून होत आला आहे. माडीवर, जुन्या लुगड्याच्या घडीखालीं झांकलेला एक संगणक आहे. उचलावयास दोघे लागतात, आणि त्याच्या पडद्यावर हिरव्या रंगाखेरीज दुसरा रंग उमटत नाहीं. सौ.चें म्हणणें असें कीं, “ह्या खोक्याच्या जागेंत ज्वारीचीं दोन पोतीं सहज मावतील.” तिचें म्हणणें खोटें नाहीं. तरीहि दर वर्षीं तें खोकें जागच्या जागीं राहिलें, कारण त्याच्या पोटांत आमच्या आत्याबाईंच्या ओव्या आहेत.

आत्याबाई आज ९१ वर्षांच्या आहेत. ऐन उमेदींत वैधव्य आल्यानें त्या माहेरीं परत आल्या. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यांतील असंख्य बायका त्या सालीं खडी फोडण्याच्या कामावर गेल्या, हें वडील माणसांस आठवत असेल. आत्याबाई त्या कामावरील बायकांस पाणी नेऊन देत, आणि त्यांच्या तोंडून ओव्या ऐकत. ऐकतां ऐकतां त्या लिहून घेऊं लागल्या. दुष्काळ सरला, परंतु लिहिण्याचा नाद सुटला नाहीं. ब्राह्मणाच्या घरची विधवा बाई कोणाच्याहि ओसरीवर जात्याशेजारीं जाऊन बसते, ह्याबद्दल आमच्या आळींत त्या काळीं पुष्कळ बोललें गेलें. माझे आजोबाहि बोलले. आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं वही घेऊन पुनः बाहेर पडल्या.

गंगाखेड हें गोदावरीच्या कांठचें, संत जनाबाईंचें गांव. येथें ओव्यांचा तुटवडा कधींच नव्हता. तुटवडा होता तो लिहून घेणाऱ्यांचा. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या, जातें अडगळींत गेलें, आणि जात्याबरोबर गाणेंहि थांबलें. हेमा राईरकर व गी पॉइटवां ह्या पुण्याच्या जोडप्यानें महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या व त्या संगणकावर नोंदविल्या, हें कार्य आतां सर्वविश्रुत आहे. आमच्या आत्याबाईंना त्याची वार्ताहि नव्हती. त्यांचें सारें भांडवल म्हणजे चौदा वह्या आणि शिसपेन्सिल.

१९९२ सालीं मीं एक जुना संगणक विकत घेतला, तेव्हां त्या वह्या त्यावर चढविण्याचें ठरलें. मी नोकरीनिमित्त परभणीस असें. शनिवारीं सायंकाळीं गंगाखेडास यावें आणि रविवारीं आत्याबाईंनीं वाचावें, मीं टंकावें, असा क्रम तीन वर्षें चालला. काम संपलें तेव्हां मला मोठी कृतकृत्यता वाटली होती. छपाईची फीत महाग, म्हणून कागदावर उतरविण्याचें काम ‘पुढें पाहूं’ म्हणून राहिलें. पुढें एका पावसाळ्यांत कपाटाला वाळवी लागली आणि चौदाहि वह्यांची माती झाली. लवचिक तबकड्यांवर एक नक्कल ठेविली होती, तिच्यावर बुरशी चढली. म्हणजे उरला तो एकटा संगणक. आणि त्याचा कळफलक उंदरांनीं कुरतडलेला.

येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, संगणकांतील तबकडीच बाहेर काढून नव्या यंत्रास कां जोडली नाहीं? मलाहि तीच शंका होती. परंतु त्या काळच्या वीस मेगाबाइटच्या तबकडीस नव्या यंत्रांत जोडावयाला जागाच नसते. इतकेंच नव्हे, तर जिच्यावर मजकूर लिहिला गेला, त्याच जातीच्या नियंत्रक पट्टीशिवाय ती तबकडी बहुधा वाचलीहि जात नाहीं. तेव्हां मजकूर हवा असेल तर तें सबंध यंत्र जागें केलें पाहिजे, आणि त्याला आज्ञा देण्यास कळफलक पाहिजे. त्या काळच्या कांहीं यंत्रांवर एक मोठी गंमतीची सूचना उमटत असे: ‘कळफलक सांपडत नाहीं, पुढें जाण्यासाठीं एफ-१ ही कळ दाबा.’ ज्यानें ही सूचना लिहिली त्याच्या घरीं कधीं उंदीर झाले नसावेत.

जुना कळफलक मीं उघडून पाहिला. तार तुटली होती ती जोडतां आली असती. पण प्रत्येक कळेखालीं मऊ फोमची जी चकती होती, तिचा नुसता भुगा झाला होता. तसाच दुसरा मिळवावा म्हणून परभणी, नांदेड, पुणें येथील ओळखीच्या लोकांकडे विचारणा केली. मिळाले ते दोन्ही नंतरच्या जातीचे. त्यांची पांच टोकांची गोल खुंटी आमच्या यंत्राच्या भोंकांत बिनतक्रार बसली, दिवे लागले, आणि कळ दाबल्यावर कांहींच घडलें नाहीं! खुंटी तीच असून उपयोग कां होऊं नये, हें कोडें आमच्या पुतण्यानें उलगडून दाखविलें. तो नांदेडास अभियांत्रिकी शिकतो. ह्या लेखांतील विद्या त्याची आहे, आणि हमाली माझी.

कळफलक अक्षरें पाठवितो अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाहीं. कळफलकाला अक्षरें ठाऊकच नसतात. तो फक्त ‘अमुक क्रमांकाची कळ खालीं गेली’ आणि ‘अमुक क्रमांकाची कळ वर आली’ एवढ्या दोनच वार्ता पाठवितो. आतां हे क्रमांक कोणीं ठरविले? १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पहिला घरगुती संगणक काढला व १९८३ सालीं त्याचा सुधारलेला एक्स-टी हा प्रकार आणला, तेव्हां एक यादी ठरली. १९८४ सालीं ए-टी नांवाचा प्रकार निघाला, तेव्हां त्याच कंपनीनें सारे क्रमांक बदलले. १९९६ सालीं यू-एस-बी ही नवी जोडणी प्रसिद्ध झाली, आणि तिनें तिसरीच यादी आणली.

उदाहरणार्थ, इंग्रजी ‘के’ची कळ घेऊं, हिच्यावरच मराठी ‘क’ येतो. एक्स-टीच्या यादींत तिचा क्रमांक ३७, ए-टीच्या यादींत ६६, आणि यू-एस-बीच्या यादींत १४. कळ सुटल्याची वार्ता देण्याच्या तऱ्हाहि निरनिराळ्या. एक्स-टीचा कळफलक मूळ क्रमांकांत १२८ मिळवून १६५ म्हणतो. ए-टीचा आधीं २४० म्हणतो व मग पुनः ६६. यू-एस-बीचा कळफलक तर स्वतः होऊन कांहींच बोलत नाहीं. यंत्रानें वरचेवर विचारावें आणि ह्यानें त्या घटकेस खालीं असलेल्या कळांची यादी पुढें करावी, अशी त्याची रीत. यादींतून नांव गेलें म्हणजे कळ सुटली असें समजावयाचें. एकच कळ, परंतु तिघांच्या भाषा तीन. आमच्या मराठवाड्यांत निजामी अंमलांत घरीं मराठी आणि कचेरींत उर्दू अशी स्थिति होती. ती ज्यांनीं पाहिली त्यांना ह्यांत नवल वाटावयाचें नाहीं. अशा ठिकाणीं दुभाष्या लागतो.

प्रथम आम्हीं स्वस्तांतला दुभाष्या आणला. यू-एस-बीची खुंटी एका बाजूस आणि जुनी गोल खुंटी दुसऱ्या बाजूस, असा बोटभर जोड बाजारांत अल्प किंमतीस मिळतो. तो बसविला, आणि पुतण्या हंसूं लागला. त्यानें सांगितलें कीं, ह्या जोडांत अक्कल मुळींच नाहीं. नुसत्या तारा इकडच्या तिकडे केलेल्या आहेत. ज्या कळफलकाला दोन्ही भाषा आधींच येतात त्यालाच तो उपयोगी. आणि हल्लींच्या पुष्कळ कळफलकांना जुनी भाषा कोणीं शिकविलेलीच नसते. शिवाय ती जुनी भाषा ए-टीची. आमच्या एक्स-टीला तिचाहि गंध नाहीं. “मग आधींच कां बोलला नाहींस?” असें मीं विचारलें. “काका, तुम्ही पैसे देऊन आला होतात,” तो म्हणाला.

खरा दुभाष्या म्हणजे मायक्रोकंट्रोलर. हा एक लहानसा संगणकच असतो. मात्र त्याला पडदा नाहीं, तबकडी नाहीं. एक ठराविक काम त्याच्या स्मृतींत लिहून ठेवावें आणि वीज मिळाल्याबरोबर त्यानें जन्मभर तेवढेंच करीत राहावें. पुतण्यानें निवडला तो रास्पबेरी पाय पिको नांवाचा. इंग्लंडांतील एका संस्थेनें तो २०२१ च्या जानेवारींत चार डॉलरांस विकावयास काढला. विड्याच्या पानाहून लहान अशा त्या पट्टीवरील चिप सेकंदास १३ कोटी ३० लक्ष ठोक्यांच्या वेगानें चालते. आय. बी. एम.च्या मूळ एक्स-टीचा वेग होता ४७ लक्ष ७० हजार ठोक्यांचा. म्हणजे दोघांच्या खांद्यावरून माडीवर चढलेल्या यंत्राचा दुभाष्या त्या यंत्राहून कितीतरी पटींनीं चपळ! नातवानें आजोबांचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तसाच हा प्रकार. हीच पट्टी निवडण्याचें कारण असें कीं, यू-एस-बीच्या कळफलकास वरचेवर प्रश्न विचारण्याची यजमानकी तिला करतां येते. अनेक लहान मायक्रोकंट्रोलरांना ती येत नाहीं.

गोल खुंटी मात्र अनपेक्षित ठिकाणीं मिळाली. पांच टोकांची ही डिन जातीची खुंटी पूर्वीं टेपरेकॉर्डरांनाहि असे. आमच्या गांवीं रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनीं खिळ्यांच्या डब्यांतून दोन काढून दिल्या, आणि पैसे घेतले नाहींत. ह्या खुंटीच्या पांच टोकांपैकीं पहिलें घड्याळाचें, दुसरें मजकुराचें, चौथें जमिनीचें आणि पांचवें पांच व्होल्ट विजेचें. तिसरें आमच्या यंत्रांत रिकामें होतें. कळफलक घड्याळाच्या तारेवर ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्यास मजकुराच्या तारेवर एक किंवा शून्य ठेवितो. आरंभाची खूण, मग आठ अंक. झाली एक वार्ता. ती पोहोंचावयास सेकंदाचा सुमारें हजारावा हिस्सा लागतो.

विजेची एक अडचण होती, आणि ती न जाणतां कोणी हा उद्योग केला तर नव्या पट्टीचा प्राण जाईल. जुन्या यंत्राच्या तारांवर पांच व्होल्टांचा दाब, आणि पिकोच्या टोकांना ३.३ व्होल्टांहून अधिक सोसत नाहीं. म्हणून दोहोंच्या मध्यें दाब जुळवून घेणारी एक चार वाटांची पट्टी बसवावी लागते. ती थोडक्या रुपयांस मिळते. ह्या तारा दोघांनींहि धरलेल्या दोरीसारख्या असतात: सोडून दिल्या म्हणजे वर, आणि दोघांपैकीं कोणींहि ओढल्या कीं खालीं. यंत्राला पूर्वींची वार्ता वाचून व्हावयाची असेल तर तें दोरी ओढून धरतें, आणि कळफलकानें तोंवर थांबावयाचें असतें. थांबला नाहीं तर अक्षरें गळतात. आमचीं प्रथम गळलीं.

एक खबरदारी पुतण्यानें घेतली तिचें मला आजहि कौतुक वाटतें. तबकडी तीस वर्षांची. तिचा प्रत्येक आरंभ शेवटचा ठरण्याचें भय. म्हणून त्यानें प्रथमच तबकडीची वीज सोडवून ठेविली, आणि पुण्याहून एका स्नेह्यानें पाठविलेल्या चांगल्या लवचिक तबकडीवरून यंत्र सुरू करून सारे प्रयोग केले. मीं असतों तर पहिल्याच दिवशीं उतावीळपणानें तबकडी फिरविली असती. हे प्रयोग आम्हीं माघ महिन्यांत सकाळच्या वेळीं केले; आमच्याकडील वैशाखांत असल्या यंत्राला, आणि माणसालाहि, माडीवर बसविणें हें पाप आहे.

पहिल्या दिवशीं यंत्र सुरू केलें तों ‘कीबोर्ड एरर’ अशीं अक्षरें उमटलीं. खुद्द आय. बी. एम.च्या यंत्रावर अशा वेळीं ३०१ हा आंकडा येतो. तारा तपासल्या, त्या बिनचूक. क्रमांकांचें कोष्टक तपासलें, तेंहि बिनचूक. तीन दिवस हाच खेळ चालला. चौथ्या दिवशीं कारण सांपडलें, तें असें. यंत्र जागें होतांच घड्याळाची तार सुमारें वीस मिलिसेकंद खालीं ओढून धरतें. ती त्यानें दारावर मारलेली थाप. त्यावर आंतून कळफलकानें १७० हा आंकडा पाठवावयाचा असतो. म्हणजे ‘मी आहें आणि धड आहें’ असा ओ द्यावयाचा. आमच्या दुभाष्याला सर्व कळांचें भाषांतर येत होतें, पण हांकेला ओ देण्याची रीत त्याला कोणीं सांगितलीच नव्हती. यंत्रानें घर रिकामें समजून दार सोडलें. तेवढी चार ओळींची भर घातली, आणि पडद्यावर पाटी कोरी होऊन हिरवी चौकट लुकलुकूं लागली. सौ. खालून विचारीत होती, “झालें का?” आम्हीं दोघांनींहि एकदम ओ दिला.

पण काम पुरतें झालें नव्हतें. यू-एस-बीचा कळफलक दाबून धरलेली कळ पुनःपुनः सांगत नाहीं. तें काम हल्लीं संगणक स्वतः करतो. एक्स-टीच्या काळीं तें कळफलकाचें काम होतें. तेव्हां कळ दाबून धरली तर अर्ध्या सेकंदानंतर तीच वार्ता सेकंदास दहा वेळां पाठवावयाची, हेंहि दुभाष्याला शिकवावें लागलें. जुन्या कळफलकावर ८३ कळा असत, नव्यावर १०४. बाणांच्या वेगळ्या कळांना जुन्या आंकड्यांच्या चौकटींतील कळांचे क्रमांक दिले, आणि ज्यांना त्या काळीं अर्थच नव्हता त्या मुक्या ठेविल्या. आणखी एक खोड राहिली होती. मध्येंच केव्हां तरी ‘शिफ्ट’ सुटल्याची वार्ता गळे, आणि मग ‘क’च्या जागीं ‘ख’, ‘त’च्या जागीं ‘थ’ उमटे. इन्स्क्रिप्ट मांडणींत शिफ्टसह ‘क’चा ‘ख’ होतो. यंत्राला एकदम पडसें झाल्यासारखें दिसे. दोरी ओढलेली असतांना थांबण्याचा नियम नीट पाळल्यावर तें पडसें गेलें.

ह्या इन्स्क्रिप्टबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या ओव्या तिच्याच आधारें टंकलेल्या आहेत. टंकलेखन यंत्रावर मराठी शिकलेल्यांना रेमिंग्टन पद्धतीची संवय असते. तींत अक्षराचे तुकडे ठिकठिकाणीं मांडलेले असतात. इन्स्क्रिप्ट मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविली. तींत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताला असून सर्व भारतीय लिप्यांना मांडणी एकच. मला ती आठ दिवसांत आली. एक्स-टीसारख्या यंत्रावर देवनागरी उमटविण्यासाठीं त्याच्या पोटांत जिस्ट नांवाची निराळी पट्टी बसवावी लागे. ह्या विद्येचा आरंभ कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें झाला, आणि पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें ती देशभर पोहोंचविली. आज खिशांतल्या फोनवर मराठी लिहिणाऱ्या मुलांना त्या पट्टीचें मोल कळणें कठीण आहे. मला आठवतें, पडद्यावर पहिल्यानें ‘श्री’ उमटला तेव्हां आत्याबाईंनीं पडद्याला हळद-कुंकू वाहिलें होतें, आणि त्याचा एक डाग चौकटीवर अजून आहे.

जातां जातां, जुन्या यंत्रांचा नाद असलेल्या वाचकांस एक सांगून ठेवितों. सर्वच यंत्रांना असा दुभाष्या चालत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत डीबी स्पेक्ट्रम प्लस नांवाचा संगणक पुष्कळ घरीं आला होता. इंग्लंडांतील सिंक्लेअरच्या यंत्राचीच ती भारतीय आवृत्ति. त्याचा कळफलक वार्ता पाठवीतच नाहीं. यंत्र स्वतःच सेकंदास पन्नास वेळां आठ ओळी व पांच स्तंभ ह्यांच्या जाळ्यावरून हात फिरवून कोठें तार जुळली आहे तें चांचपून पाहतें. आंतला पातळ पडदा जुना झाला कीं त्याची पट्टी ठिसूळ होऊन मोडते, आणि कळा मुक्या होतात. तेथें भाषांतर कामाचें नाहीं. योग्य ओळ व योग्य स्तंभ क्षणभर जुळवून देणारी वेगळी चिप घालून कळ दाबल्याचें सोंग करावें लागतें. पुतण्याच्या एका मित्राकडे असें यंत्र आहे, आणि दोघांचे बेत चालू आहेत. मी त्यांत पडत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. कळफलक नीट चालूं लागल्यावर एके सकाळीं तबकडीला वीज जोडली. ती फिरेना. पडद्यावर १७०१ हा आंकडा आला, म्हणजे तबकडी उत्तर देत नाहीं. आत्याबाईंना आम्हीं कांहीं सांगितलें नव्हतें, पण त्या जिन्याच्या तळाशीं खुर्ची टाकून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत वंगण घट्ट होऊन चाकें धरून बसतात, असें पुतण्याचें मत. त्यानें तबकडी काढून दुपारपर्यंत कोंवळ्या उन्हांत कापडावर ठेविली, मग हातांत धरून तिला मनगटाचा एक हलकासा हेलकावा दिला, आणि पुनः जोडली. गिरणीच्या पट्ट्यासारखा चढता आवाज झाला, तो स्थिर झाला, आणि पडद्यावर फाइलींचीं नांवें उमटलीं. चौदा वह्यांच्या चौदा फाइली.

यंत्र बंद करावयाचें नाहीं, असें ठरवून आम्हीं लगेच मजकूर बाहेर काढावयास आरंभ केला. यंत्राच्या पाठीमागील सिरियल वाटेला एक तार लावून ती पुतण्याच्या नव्या संगणकास जोडली, आणि फाइलींची नक्कल त्या तारेवर सोडण्याची आज्ञा दिली. वेग सेकंदास २४० अक्षरांचा. आम्हीं मुद्दाम सावकाश ठेविला. मधें वीज जाईल म्हणून जीव टांगणीला लागला होता. ती गेली नाहीं. आमच्या गांवाच्या विजेबद्दल असें लिहावयास मिळतें म्हणून मुद्दाम लिहितों.

नव्या पडद्यावर फाइल उघडली तों सगळें गचाळ! फ्रेंच पुस्तकांत दिसतात तशीं टोप्या घातलेलीं अक्षरें ओळीनें उभीं. आत्याबाई त्या वेळीं हळूहळू जिना चढून वर आल्या होत्या. त्यांनीं पाहिलें, आणि “वाळवीनें हेंहि खाल्लें का रे?” असें विचारलें. खाल्लें नव्हतें. जुन्या यंत्रांत मराठी अक्षरें ‘इस्की’ ह्या भारतीय संकेतांत सांठविलेलीं असत. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. त्यांत ‘क’ म्हणजे १७९. हल्लींच्या यंत्रांत चालणाऱ्या युनिकोडमध्यें ‘क’ म्हणजे २३२५. सुदैवानें युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारें झाली असल्यानें क्रम बव्हंशीं तोच आहे. एका आंकड्याच्या जागीं दुसरा घालणारें कोष्टक पुतण्यानें तासाभरांत लिहिलें. म्हणजे पुनः दुभाष्याच, फक्त कागदावरचा. मीं दाबलेली ती एक ‘क’ची कळ अशा रीतीनें ३७, १७९ आणि २३२५ इतक्या वाटा चालून आत्याबाईंच्या चष्म्यासमोर आली.

त्या दिवशीं संध्याकाळीं वाड्यांतील सगळीं माणसें माडीवर जमलीं होतीं. आत्याबाईंना आतां वाचतां येत नाहीं. सुनेनें वाचावयाचें आणि त्यांनीं ऐकावयाचें असें ठरलें. त्या मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होत्या. मधून एखादा शब्द आधींच त्यांच्या ओठांवर येई. विसावी-पंचविसावी ओवी झाली असेल, त्यांनीं हात वर केला.

“ही कोणाची?” त्यांनीं विचारलें.

सून म्हणाली, “नांव नाहीं लिहिलेलें, आत्याबाई.”

“वहींत होतें.”

वहींत होतें हें खरें. प्रत्येक ओवीखालीं ती कोणीं गायिली तिचें नांव व गांव आत्याबाईंनीं लिहून ठेविलें होतें, आणि तीं सर्व नांवें टंकावयाचीं मींच टाळलीं होतीं. काम लवकर संपावें, तबकडींत जागा राहावी, एवढेंच त्याचें कारण. ओवी ही लोकांची, तिला नांव कशाला, असेंहि मीं त्या वेळीं शहाणपणानें म्हटल्याचें आठवतें. आत्याबाई तेव्हां कांहीं बोलल्या नव्हत्या. वह्या आहेतच, असें त्यांना वाटलें असावें.

त्यांनीं मला दोष दिला नाहीं. थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, “खडीवरची ती. डाव्या हाताचीं दोन बोटें चेंगरलेली. नवरा मुंबईला गिरणींत होता.” मग नांव सांगितलें, गांव सांगितलें, आणि सुनेला म्हणाल्या, “लिही. पुढची वाच.”

त्या रात्रीं नऊ नांवें झालीं. तेव्हांपासून रोज दुपारच्या चहानंतर सून नवा कळफलक घेऊन आत्याबाईंच्या खाटेशेजारीं बसते. बऱ्या दिवशीं पंधरा ओव्यांचीं नांवें भरतात. कांहीं दिवशीं एकहि आठवत नाहीं, आणि आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. पांचव्या वहीपर्यंत आलों आहों. नऊ बाकी आहेत.